महिन्याचे ऐंशी तास: आर्कान्सामधला मेडिकेडचा प्रयोग

२०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या तिशी-चाळिशीतल्या हजारो गरीब माणसांना सरकारी पत्रं यायला लागली. मजकूर साधा होता. तुमचा मेडिकेडचा आरोग्यविमा चालू ठेवायचा असेल तर यापुढे महिन्याला किमान ८० तास काम करा, किंवा शिक्षण, प्रशिक्षण, नोकरीचा शोध, समाजसेवा यांत ते तास भरा, आणि दर महिन्याला त्याची नोंद संकेतस्थळावर करा. वर्षातले तीन महिने चुकले की विमा बंद. बंद झालेला विमा पुढच्या १ जानेवारीपर्यंत परत मिळणार नाही. अट जूनमध्ये लागू झाली, सप्टेंबरपासून नावं कमी होऊ लागली आणि वर्ष संपेपर्यंत १८ हजारांहून जास्त माणसांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ही अट रद्द केली.

जेमतेम दहा महिन्यांचा हा प्रकार. तरीही अमेरिकेत गरिबांविषयीच्या धोरणांवर इतकी कडाक्याची भांडणं का होतात, असं कुणी विचारलं तर मी आधी आर्कान्साकडे बोट दाखवतो. सरकारचं काम काय, या प्रश्नावरचे दोन जुने विचार इथे भाषणांमधून खाली उतरले आणि एका लॉगिनच्या पानावर समोरासमोर आले.

दाराबाहेरचा धडधाकट

मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा. पैसा मोठ्या प्रमाणात वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, कारभार राज्याचा. पासष्टीच्या पुढच्यांसाठी मेडिकेअर आहे, ती वेगळी. दोन्ही योजनांच्या कायद्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी सही केली. या कायद्याला आकार देणारा माणूस खुद्द आर्कान्साचा होता. केन्सेट नावाच्या लहानशा गावातून आलेले विल्बर मिल्स तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीचे अध्यक्ष होते. सरकारी आरोग्यविम्याला त्यांनी अनेक वर्षं रोखून धरलं होतं. जॉन्सन यांना १९६४ मध्ये प्रचंड बहुमत मिळालं तेव्हा मिल्स यांनी वारा ओळखला आणि विधेयक स्वतःच्या हातांनी घडवलं. पण मेडिकेडचं दार त्यांनी अरुंदच ठेवलं. गरीब म्हातारे, अंध, अपंग, गरीब घरातली मुलं आणि त्यांना सांभाळणारी आई किंवा बाप, एवढ्यांनाच आत प्रवेश. मुलंबाळं नसलेला, हातपाय धड असलेला गरीब माणूस कितीही गरीब असला तरी बाहेर.

हा धडधाकट गरीब अमेरिकेच्या सामाजिक धोरणातला सगळ्यात वादग्रस्त माणूस आहे. त्याची मुळं इंग्लंडच्या १६०१ च्या गरीब कायद्यापर्यंत जातात. लुळ्या-पांगळ्याला मदत, धडधाकटाला काम, ही वाटणी तिथली. ती समुद्र ओलांडून आली आणि अमेरिकी मातीत घट्ट रुजली.

एक बाजू म्हणते की आजारपण माणसाची लायकी बघून येत नाही. मधुमेह असलेल्या माणसाला इन्सुलिन मिळालंच पाहिजे, तो कामाला जातो की नाही हा वेगळा प्रश्न. कुणी अमुक पातळीच्या खाली पडू नये एवढी जमीन सरकारने सगळ्यांच्या पायाखाली ठेवावी. दुसरी बाजू म्हणते की मदत ही देवाणघेवाण असावी. नुसतं घेत राहिल्याने माणसाची उमेद मरते, आणि कुटुंब, चर्च, शेजार यांनी करायचं काम सरकारने हिसकावलं की तेही आळसावतात. शिवाय हा पैसा दुसऱ्या कष्टकऱ्याच्या करातून येतो.

यातली पहिली बाजू डेमोक्रॅटची आणि दुसरी रिपब्लिकनांची, अशी सरळ वाटणी करण्याचा मोह होतो. इतिहास तसं करू देत नाही. अमेरिकेच्या कल्याणकारी राज्याचा पाया घालणाऱ्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीच जानेवारी १९३५ मध्ये काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, सांगितलं होतं की अशी मदत सतत देत राहणं म्हणजे माणसाच्या मनाला हळूहळू पोखरणारं अफूसारखं औषध देणं. त्यावर त्यांचा उपाय सरकारने काम पुरवणं हा होता, हे खरं, पण वाक्य त्यांचंच. पुढे १९८१ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांनी शपथविधीच्या भाषणात त्या काळच्या संकटाविषयी बोलताना म्हटलं की सरकार हा आपल्या प्रश्नावरचा उपाय नाही, सरकार हाच प्रश्न आहे. आणि १९९६ मध्ये गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या रोख मदतीला कामाची अट घालणाऱ्या कायद्यावर सही केली ती डेमोक्रॅट अध्यक्षांनी, म्हणजे क्लिंटन यांनी. आणि क्लिंटन हे आर्कान्साचेच माजी गव्हर्नर. (याच कायद्यामुळे आजही ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेक प्रौढ स्थलांतरितांना मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांना हे ठाऊक असतं, त्याचा उगम कुठे आहे हे फारसं ठाऊक नसतं.)

म्हणजे कामाची अट ही काही २०१८ ची नवी कल्पना नव्हती. रोख रकमेला आणि अन्नमदतीला ती लागू होती. मेडिकेडला मात्र तोपर्यंत कुणी लावली नव्हती.

सत्तावीस मतांचं गणित

२०१० च्या आरोग्य कायद्याने, ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात, मेडिकेडचं दार धडधाकटांसाठी उघडलं. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेला कुणीही प्रौढ आत येऊ शकत होता. २०१८ च्या हिशेबाने एकट्या माणसासाठी ही मर्यादा वर्षाला सुमारे १६,७५० डॉलर होती. पहिली तीन वर्षं या नव्या लोकांचा सगळा खर्च वॉशिंग्टन देणार होतं, नंतर वाटा उतरत उतरत ९० टक्क्यांवर थांबणार होता. मात्र जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा विस्तार स्वीकारायची सक्ती राज्यांवर करता येणार नाही. त्या दिवसापासून प्रत्येक राज्यात हा वाद नव्याने पेटला.

आर्कान्साची अडचण खास होती. तिथे खर्चाच्या बहुतेक विधेयकांना दोन्ही सभागृहांत तीन-चतुर्थांश मतं लागतात. राज्याच्या ३५ जणांच्या सिनेटमध्ये २७. नऊ सिनेटर आडवे उभे राहिले की योजना मेली. २०१२ च्या निवडणुकीत विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हातात गेलं होतं, शंभराहून जास्त वर्षांत पहिल्यांदा. गव्हर्नर माइक बीबी डेमोक्रॅट. त्यांनी आणि काही रिपब्लिकन आमदारांनी मिळून २०१३ मध्ये एक वाट काढली: मेडिकेडच्या पैशातून गरिबांना बाजारातला खासगी विमाच घेऊन द्यायचा. सरकारी योजना वाढली असं कुणाला म्हणायला नको, आणि माणसाला डॉक्टर तर मिळतो. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत २०१३ मध्ये आर्कान्सातले २२.५ टक्के प्रौढ विम्याविना होते. २०१५ च्या मध्याला हा आकडा ९.१ टक्क्यांवर आला. देशातल्या सगळ्यात मोठ्या घसरणींपैकी ही एक.

२०१५ मध्ये रिपब्लिकन एसा हचिन्सन गव्हर्नर झाले. ही योजना मोडून टाका, असा त्यांच्याच पक्षातल्या अनेकांचा धोशा होता. हचिन्सन यांनी ती मोडली नाही. तिला ‘आर्कान्सा वर्क्स’ असं नाव दिलं. २०१६ च्या वसंतात सिनेटमध्ये दहा जण अडून बसले, पंचवीसच्या पुढे मतं सरकेनात. तेव्हा जे घडलं ते सांगण्यासारखं आहे. खर्चाच्या विधेयकात योजना वर्षअखेरीस बंद करण्याचं कलम घालण्यात आलं, त्यामुळे विरोधकांना ‘आम्ही बंद करायला मत दिलं’ असं म्हणत होकार देता आला. विधेयक संमत झालं आणि हचिन्सन यांनी आपल्या अधिकारात तेवढंच एक कलम खोडून टाकलं. हे सगळं उघड ठरवून झालं होतं. योजना वाचली.

कामाची अट वाचताना हा इतिहास डोळ्यांआड करू नये असं मला वाटतं. सुमारे अडीच लाख माणसांचा विमा दर वर्षी दोन-चार मतांवर लटकलेला असायचा. ‘आम्ही फुकट वाटत नाही’ हे दाखवणं ही तो टिकवण्याची किंमत होती. हचिन्सन यांचा या अटीवर विश्वासही होता आणि त्यांना तिची गरजही होती. त्यांना गरिबांचा वैरी ठरवणं सोपं आहे, खरं नाही.

रात्री नऊनंतर बंद

जानेवारी २०१८ मध्ये ट्रम्प प्रशासनात मेडिकेडच्या प्रमुख असलेल्या सीमा वर्मा यांनी राज्यांना कळवलं की कामाची अट घालायची परवानगी मागा, आम्ही विचार करू. मार्चमध्ये आर्कान्साला परवानगी मिळाली आणि जूनमध्ये अट लागू झाली, आधी ३० ते ४९ वयाच्या लोकांना. घरात लहान मूल असलेले, गरोदर, गंभीर आजारी, पूर्णवेळ विद्यार्थी यांना सूट होती. कागदावर अट कठोर वाटत नाही. ८० तास म्हणजे आठवड्याला वीसच्या आसपास.

खरी गोष्ट नोंदीत होती. पहिले कित्येक महिने ती फक्त ऑनलाइन करता येत होती. फोनवर नाही, कागदावर नाही. त्यासाठी ई-मेल पत्ता हवा, पत्रात आलेला संदर्भ क्रमांक हवा, खातं उघडायला हवं. आणि हे पोर्टल रोज रात्री नऊ ते सकाळी सात बंद असायचं. ज्यांनी दिवसभर काम केलं की नाही हे तपासायचं, त्यांना नोंद करायला दिवसाचीच वेळ. आर्कान्साच्या खेड्यांत इंटरनेटची वानवा होती. तिथे फोनचा डेटा महिनाअखेरपर्यंत पुरवून वापरावा लागतो. राज्याचं म्हणणं होतं की ऑनलाइन कारभार स्वस्त पडतो आणि लोकांना संगणकाची सवयही होते.

तासांचंही तसंच. या उत्पन्नाच्या माणसाचे तास तो स्वतः ठरवत नाही. दुकानात, हॉटेलात, बांधकामावर किती पाळ्या द्यायच्या हे मुकादम किंवा मॅनेजर ठरवतो. पावसाचा महिना गेला, गिऱ्हाईक कमी झालं, की ९० चे ६० तास होतात. पुढच्या महिन्यात १२० भरले तरी मागचा खाडा भरून निघत नाही.

खटल्यातल्या एका फिर्यादीची हकीकत मला विसरता येत नाही. फुप्फुसाचा जुनाट आजार असलेला, कारखान्यात नियमित कामाला जाणारा माणूस. त्याने एकदा कशीबशी ऑनलाइन नोंद केली आणि काम झालं असं समजला. ती दर महिन्याला करायची होती. औषध आणायला गेला तेव्हा त्याला कळलं की विमा बंद झाला आहे. औषध सुटलं, आजार उसळला, खाडे पडले आणि नोकरी गेली. कामाला लावण्यासाठी केलेल्या नियमाने काम करणाऱ्या माणसाचं काम घालवलं.

ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ६० हजार लोक या अटीच्या कक्षेत होते. त्यातल्या बहुतेकांना काहीच करावं लागलं नाही, कारण सरकारी नोंदींवरून राज्यानेच त्यांचं उत्पन्न किंवा सूट पडताळून घेतली होती. उरलेल्यांना स्वतः नोंद करायची होती. त्या महिन्यात १६ हजारांहून जास्त लोकांनी ती केली नाही. केली अशांची संख्या जेमतेम हजार-दीड हजार. मेडिकेडवर काँग्रेसला सल्ला देणाऱ्या आयोगाने नोव्हेंबरमध्ये फेडरल (केंद्र) सरकारला लिहिलं की नावं कमी करणं थांबवा. डिसेंबरच्या उत्तरार्धात फोनवर नोंद करायची सोय झाली.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा या दोन गटांत आहे. जिथे ‘हा माणूस पात्र आहे का’ हे शोधण्याचं ओझं सरकारने उचललं, तिथे विमा राहिला. जिथे ते ओझं माणसाच्या खांद्यावर टाकलं, तिथे विमा गेला. वादविवादात दोन्ही बाजू ‘गरिबाने काम करावं का’ यावर तावातावाने बोलतात, आणि त्यावर अमेरिकेत फारसं दुमतच नाही; करावं, असंच जवळजवळ सगळे म्हणतात. मतभेद आहे तो अविश्वास कुणाच्या वाट्याला यावा यावर. सरकारवर संशय घेणाऱ्या विचाराने इथे नागरिकाकडे दर महिन्याला पुरावा मागणारं, त्याच्या तासांचा हिशेब ठेवणारं, आणखी मोठं सरकार उभं केलं. मर्यादित सरकार मानणाऱ्या माणसाला ही गोष्ट बोचायला हवी होती. फार थोड्यांना बोचली.

हार्वर्डमधल्या संशोधकांनी बेंजामिन सॉमर्स यांच्या नेतृत्वाखाली इतर राज्यांशी तुलना करून याचा अभ्यास केला आणि तो जून २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अट लागू असलेल्या वयोगटात विमा नसलेल्यांचं प्रमाण २०१६ मधल्या १०.५ टक्क्यांवरून २०१८ मध्ये १४.५ टक्क्यांवर गेलं. रोजगारात लक्षात घेण्याजोगी वाढ दिसली नाही. आणि मला सगळ्यात जड वाटतो तो आकडा पुढचा: या अटीच्या कक्षेतल्या ९५ टक्क्यांहून जास्त लोक आधीच अट पूर्ण करत होते किंवा सूट मिळण्याजोगे होते. सुमारे एक-तृतीयांश लोकांच्या कानावर ही अट आलेलीच नव्हती. पुढच्या पाहणीत विमा गेलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी दवाखान्याची बिलं फेडताना गंभीर अडचण आल्याचं सांगितलं. ६४ टक्क्यांनी पैशांअभावी औषधं लांबणीवर टाकली होती. काही हजार लोकांना याच काळात काम लागलं, असं राज्याने सांगितलं. ते अटीमुळे लागलं की एरवीही लागलं असतं, हे राज्याकडून कधी स्पष्ट झालं नाही.

न्यायाधीशांनी काय पाहिलं

ऑगस्ट २०१८ मध्ये आर्कान्सातल्या कायदेशीर मदत संस्थेने आणि दोन राष्ट्रीय संस्थांनी विमा गमावण्याची पाळी आलेल्यांच्या वतीने वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयात दावा केला. २७ मार्च २०१९ रोजी न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी मंजुरी रद्द ठरवली. अपिलात फेब्रुवारी २०२० मध्ये तिन्ही न्यायाधीशांनी एकमताने तोच निर्णय कायम केला. निकालपत्र लिहिलं डेव्हिड सेंटेल यांनी, आणि त्यांची नेमणूक रेगन यांची होती.

सेंटेल यांनी ‘कामाची अट चांगली की वाईट’ याला हातच घातला नाही. त्यांनी कायदा उघडून पाहिला. मेडिकेडच्या कायद्यात हेतू म्हणून वैद्यकीय मदत पुरवणं लिहिलं आहे. आरोग्यमंत्र्यांनी मंजुरी देताना लोकांचं आरोग्य सुधारेल, ते स्वावलंबी होतील असं म्हटलं, पण किती लोकांचा विमा जाईल याचा विचारच केला नाही. १९९६ मध्ये काँग्रेसला रोख मदतीत काम आणायचं होतं तेव्हा तिने ते शब्दांत लिहिलं. मेडिकेडमध्ये लिहिलं नाही. मग ते अधिकाऱ्याने आपल्या पदरचं घालू नये. शब्दांना चिकटून राहणारा हा निकाल पुराणमतवादी न्यायशैलीचाच नमुना आहे, आणि त्याने गरिबाच्या बाजूने कौल दिला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याची सुनावणी होण्याआधीच बायडन प्रशासनाने मार्च २०२१ मध्ये परवानगी मागे घेतली आणि २०२२ मध्ये वाद निरर्थक झाला म्हणून खालच्या न्यायालयांचे निकालही पुसले गेले.

अटीच्या समर्थकांचं एक म्हणणं मला मान्य आहे. योजना टिकायची तर ती न मिळणाऱ्या माणसाला न्याय्य वाटली पाहिजे. वर्षाला अठरा हजार डॉलर कमावून स्वतःचा विमा विकत घेणारी वेट्रेस शेजाऱ्याकडे बघून ‘मग मीच का’ असं विचारते, तेव्हा तिला कंजूस म्हणून झटकून टाकता येणार नाही. या प्रश्नाला उत्तर न देता पहिली बाजू फार काळ हक्काची भाषा बोलत राहिली. त्या वेट्रेसला स्वस्त विमा मिळावा हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. शेजाऱ्याचं इन्सुलिन काढून घेतल्याने तिला काहीच मिळत नाही.

सेंटेल यांनी कायद्यात नसलेली म्हणून दाखवलेली ओळ काँग्रेसने पुढे लिहूनच टाकली. ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या करकायद्यात मेडिकेडच्या विस्तारातल्या १९ ते ६४ वयाच्या प्रौढांना महिन्याला ८० तासांची अट देशभर लागू केली आहे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्षांच्या मताने विधेयक तरलं. आर्कान्साच्या दोन्ही सिनेटरांनी बाजूने मत दिलं. राज्यांनी ही अट १ जानेवारी २०२७ पर्यंत अमलात आणायची आहे. हाती असलेल्या नोंदींवरून शक्य तिथे राज्यांनी स्वतःच पडताळणी करावी असं कायदा सांगतो. ते किती राज्यं मनापासून करतील यावर लाखो लोकांचा विमा अवलंबून आहे. आर्कान्सात २०१८ मध्ये विमा गेलेल्या माणसाला निदान १ जानेवारीची वाट पाहता येत होती. नव्या कायद्यात या अटीमुळे मेडिकेड गमावलेल्या माणसाला बाजारातला विमा घेण्यासाठी मिळणारं सरकारी अनुदानही मिळणार नाही.